बंदिशीत आजचे काय?

हल्ली रंगमंचावर एका बाजूला गायक बसतो, दुसऱ्या बाजूला चित्रकार कॅनव्हास लावून उभा राहतो आणि मधूनमधून निवेदक कविता वाचतो. तासाभरात राग संपतो, चित्रही पुरे होते, टाळ्या पडतात. अशा कार्यक्रमाला कलांचा संगम म्हणण्याची पद्धत पडली आहे. त्यातल्या कित्येक कलावंतांची तयारी वादातीत असते, तरी मला तिथे संगम दिसत नाही. गायक आपला भूप गातो, चित्रकार आपला सूर्योदय काढतो. समोर चित्र नसते तर तो भूप निराळा झाला असता का? नसता झाला, तर दोन कला फक्त एका सतरंजीवर शेजारी बसल्या, इतकेच.

चित्र, कविता किंवा नाटक यांतून स्फुरलेल्या आजच्या शास्त्रीय रचनांकडे याच कसोटीने पाहावे असे मला वाटते. दुसऱ्या कलेमुळे संगीताच्या अंगात काय बदलले? मुखडा निराळा झाला का, लय मोडली का, विश्रांतीच्या जागा हलल्या का? विषय बदलला एवढे पुरेसे नाही.

या कसोटीवर मराठी संगीत एके काळी पुरेपूर उतरत होते. ‘मानापमान’ १९११ साली आले, तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या चालींचा मोहक ऐवज मराठी पदांत आणला. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी खाडिलकरांच्या पदांना भारदस्त रागदारीची घडण दिली. नाटकाला वेळ कमी आणि प्रसंगाची घाई असते. त्या अडचणीतून एक नवीनच गोष्ट जन्मली: पाच-सात मिनिटांत रागाचा पूर्ण चेहरा उभा करणारे गाणे. ती नाटकाची देणगी होती आणि पुढे मैफलीनेही ती घेतली.

१९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ याहून अवघड होते. दारव्हेकरांच्या संहितेत दोन घराण्यांचे वैर आहे, आणि ते प्रेक्षकाला कानांनी कळले पाहिजे. जितेंद्र अभिषेकींनी पंडितजींच्या आणि खाँसाहेबांच्या गाण्यासाठी दोन निरनिराळे स्वभाव घडवले. एकाचा स्वर ठेहरावाचा, दुसऱ्याची तान झेपावणारी. संवाद काढून टाकले तरी भांडण ऐकू येईल, अशी ती रचना आहे. वसंतराव देशपांड्यांच्या गळ्याचे कौतुक आपण करतो ते रास्तच, पण त्या गळ्याला नाट्य पुरवणाऱ्या रचनाकाराचे मोल आपण अजून पुरते केलेले नाही.

पाच वर्षांनी, १९७२ साली, ‘घाशीराम कोतवाल’ आले. भास्कर चंदावरकर हे सतारीचे, रविशंकरांचे शिष्य. त्यांनी तेंडुलकरांच्या नाटकासाठी कीर्तन, लावणी, तमाशा, दशावतार यांतली सामग्री घेतली आणि तिच्यावर रंगमंचावरच्या माणसांच्या भिंतीची हालचाल तोलली. तिथे गाणे नाटकाला थांबवत नाही. भिंत हलते, उघडते, मिटते ती गाण्याच्या लयीवर. रचनाकाराने दिग्दर्शकाइतकेच नाटक रचले, असे मराठीत मला तरी याहून ठळकपणे कुठे आढळत नाही.

अलीकडचे म्हणाल तर प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’ने दाखवून दिले, की ही वाट बुजलेली नाही. आवली आणि रखुमाई या दोघीच बोलतात, भांडतात, आणि आनंद ओक यांच्या चाली त्या बोलण्यातूनच उगवतात. बाकी संगीत नाटकाच्या नावाने बहुधा जुन्याचे पुनरुज्जीवन चालते. ‘कट्यार’ २०१५ मध्ये चित्रपट होऊन आली, ‘मानापमान’ २०२५ मध्ये. त्यांनी तरुण श्रोता मिळवला, याचा आनंद आहे. पण नवीन नाटकासाठी नवीन पदे रचणारा रागदारीचा जाणकार शोधायला निघालो, तर हाताची बोटे उरतात.

कवितेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला वाटते खरा पेच तिथेच आहे. नवीन बंदिशी होत नाहीत असे मुळीच नाही. कुमार गंधर्वांचा ‘अनूपरागविलास’ १९६५ मध्ये आला. गांधीजींच्या जन्मशताब्दीला त्यांनी गांधी मल्हार रचला, म्हणजे एका माणसाच्या चारित्र्याचा राग होऊ शकतो असा धाडसी विचार केला. प्रभा अत्रे यांनी स्वतःच्या बंदिशी ग्रंथरूपाने दिल्या, अश्विनी भिडे-देशपांडे यांची ‘रागरचनांजली’ २००४ मध्ये आली. या रचना सुरेख आहेत, त्यांतली स्वरदृष्टी आजची आहे. शब्द मात्र बहुतेक ब्रजाच्या वळणाचे, आणि भावविश्व विरह, वर्षा, गुरुभक्ती यांच्या कुंपणातले. मराठी रचनाकार मराठीत विचार करतो, वर्तमानपत्र मराठीत वाचतो, आणि बंदिश बांधताना चारशे वर्षे मागे जातो.

याचे एक उत्तर नेहमी मिळते: ब्रजात स्वर मोकळे आहेत, मराठीत जोडाक्षरे अडतात. हे उत्तर मला पटत नाही. भीमसेन जोशींची अभंगवाणी गावोगाव पोहोचली, तिथे जोडाक्षरे कुणाला अडली नाहीत. नाट्यपदांत तर संस्कृत समासांची रेलचेल आहे. मग म्हणतात, अभंगाला ठेका आहे, आधुनिक कवितेला नाही. पण मर्ढेकरांनी आपले सर्वांत बोचरे, सर्वांत आधुनिक लेखन अभंग आणि ओवीच्या घाटातच केले. ‘काही कविता’ १९४७ चा संग्रह. घाट तयार, छंद तयार, तरी ख्यालाच्या मैफलीला मर्ढेकरांचे वावडे कायम. म्हणजे अडचण भाषेची नाही, छंदाचीही नाही. यंत्र, गर्दी, गिरणी, उंदीर हे रागात शोभणार नाहीत, ही आपली भीती आहे.

मुक्तछंदाची अडचण मात्र खरी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. ख्यालाचा मुखडा लहान असतो, फिरून फिरून समेवर येतो आणि प्रत्येक आवर्तनाला आधार देतो. मुक्तछंदातले वाक्य एका ओळीतून दुसरीत सांडते, कुठे आखडते, कुठे लांबते. ते तीनतालात बसवले की कविता तरी मरते नाहीतर ताल तरी. अरुण कोलटकर पखवाज शिकले होते, लयीचे अंग त्यांना पक्के ठाऊक होते. तरी त्यांची कविता चक्रात फिरायला तयार नसते. ‘साजणवेळा’मध्ये आनंद मोडकांनी ग्रेस यांच्या कवितेला चाली दिल्या, तेव्हा त्यांनी शब्दांच्या मधल्या मौनाला जागा ठेवली. म्हणूनच ते काम भावगीताच्या पलीकडे गेले. असे काम करणारे फार नाहीत.

आणि इथे वसईचा विषय निघतो. आमच्या या पट्ट्यात मुक्तछंद गाण्याची एक जुनी युक्ती घरोघरी ऐकलेली आहे. चर्चमध्ये स्तोत्र म्हटले जाते तेव्हा एकच स्वर धरून ठेवतात. त्या स्वरावर ओळ हवी तेवढी लांब किंवा आखूड म्हणता येते, आणि शेवटी ठरलेल्या दोन-तीन स्वरांनी ती खाली उतरते. ताल नाही, तरी शिस्त आहे. १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलात किल्ल्यातल्या चर्चमधून लॅटिन स्तोत्रे घुमली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली. पेटी-तबला चर्चमध्ये आला, रेव्हरंड टिळकांच्या अभंगांचा वारसा होताच. स्तोत्रसंहितेला छंद नाही, दोन अर्ध्या ओळींचा तोल आहे, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ने ती ओघवत्या मराठीत आणून ठेवली. त्या ग्रंथाला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. एखाद्या ख्यालियाने हा धरलेला स्वर तानपुऱ्याच्या षड्जाशी जोडून पाहिला, कीर्तनकाराच्या आख्यानलयीशी ताडून पाहिला, तर सायमन मार्टिन किंवा सिसिलिया कार्व्हालो यांची कविता तालाच्या जाचाविना रागात उभी राहू शकेल. ही कल्पना मला इतकी जवळची, इतकी हाताशी असलेली वाटते, की ती अजून बाजूला पडून राहिली याचे वाईट वाटते.

चित्राच्या बाबतीत आपल्याकडे प्रवास उलट्या दिशेने झाला. रागमालेच्या चित्रकारांनी रागांना देह दिले, दख्खनेतही दिले. चित्रावरून राग रचण्याचे मात्र फारसे कुणी मनावर घेतले नाही. युरोपात मुसोर्गस्कीने १८७४ मध्ये हार्टमान या दिवंगत मित्राच्या चित्रप्रदर्शनावरून पियानोसाठी रचना केली. तिचे मोठेपण चित्रांच्या वर्णनात नाही. एका चित्रापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या प्रेक्षकाचे चालणे त्याने स्वरात घेतले आणि त्यातून रचनेला आकार मिळाला. मॉर्टन फेल्डमनने १९७१ मध्ये रोथ्कोच्या गडद, जवळपास निःशब्द चित्रांसाठी संगीत लिहिले. तिथे त्याने घेतली ती संथता. चित्राचा विषय सोडून द्यावा आणि त्याची रीत घ्यावी, हा धडा आपल्याला उपयोगी आहे. वासुदेव गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर रंगाचे थर एकमेकांतून हळूहळू झिरपतात. विलंबित आलापी याहून वेगळे काय करते? त्या दोघांना एकत्र आणायला सजावट लागणार नाही, धीर लागेल.

पालघर जिल्ह्याला तर इतके दूर जायचीही गरज नाही. वारली चित्रातला सर्वांत ओळखीचा आकार म्हणजे मध्ये तारपावाला आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या माणसांचा वेटोळा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांनी तारपा बनतो. वादकाने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. म्हणजे ते चित्र मुळात संगीताचाच आलेख आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी हा वेटोळा जगभरच्या दालनांत नेला, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जव्हारच्या भिकल्या धिंडा यांच्या तारप्याची संगीत नाटक अकादमीने दखल घेतली. चित्र भिंतीवर गेले, चादरींवर आणि कपांवर छापले गेले. त्यातला आवाज मात्र स्वागतसमारंभापुरता उरला. केंद्राभोवती उलगडत जाणारा, वादकाकडे पाठ न करणारा तो आकार बंदिशीला नवा ढाचा देऊ शकतो: सम हा शेवट न राहता मध्य होईल, आणि आवर्तन त्याच्याभोवती रुंदावत जाईल. हे काम तारपावाल्याला सोबत बसवून, त्याचे नाव आणि मानधन देऊनच व्हावे. त्याची धून उचलून सिंथेसायझरवर वाजवणे म्हणजे लूट आहे.

आपल्याकडे रचनाकाराला काम सांगणारे कुणी नाही, हे या सगळ्याचे मूळ कारण आहे. वनराज भाटियांसारख्या मुंबईकर रचनाकाराने गिरीश कार्नाडांच्या नाटकावर ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा लिहिला, त्याचा पहिला अंक २०१२ मध्ये सादर झाला तो न्यूयॉर्कला. आपण गायकाला बोलावतो, रचना मागवत नाही. वसई-विरारचा श्रोता विलेपार्ले, दादर, प्रभादेवी गाठतो आणि शेवटच्या लोकलने परततो. त्याला तिथेही बहुधा ऐकलेलेच पुन्हा मिळते.

दर डिसेंबरात वसईत कला-क्रीडा महोत्सव भरतो, हजारो मुले गातात, नाचतात, चित्रे काढतात. त्याच्या संयोजकांना, इथल्या महाविद्यालयांना आणि धर्मग्रामांना माझी विनंती आहे. गायनस्पर्धेच्या जोडीला वर्षाला एक नवी रचना मागवा. रचनाकाराला इथल्या एका कवीची कविता द्या किंवा एक वारली चित्र द्या, सहा महिन्यांचा वेळ द्या, योग्य मानधन द्या, आणि ती रचना महोत्सवात गाऊन झाल्यावर स्वरलिपीसह छापा.