दोन शहरांची मैत्री आणि आपला पुरावा : पाणीपुरवठ्यातल्या भागीदारीवरचं संशोधन कसं वाचायचं?

पाणीपुरवठा या विषयात पीएच.डी. करायचं ठरवलंत, तर वाचनाच्या पहिल्या महिन्यातच एक संकल्पना समोर येईल : वॉटर ऑपरेटर्स पार्टनरशिप. मराठीत आपण तिला समकक्ष भागीदारी म्हणू. एका शहराची पाणीयंत्रणा दुसऱ्या शहराच्या यंत्रणेला मदत करते, त्यात नफा नसतो. गळती कशी शोधायची, मीटरचं रीडिंग कसं घ्यायचं, वसुली कशी सुधारायची, हे एका अभियंत्याने दुसऱ्याला शेजारी उभं राहून दाखवायचं. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या पाणी व स्वच्छता सल्लागार मंडळाने २००६ च्या ‘हाशिमोतो कृती आराखड्या’त ही कल्पना पुढे आणली. २००९ मध्ये यूएन-हॅबिटॅटच्या छत्राखाली तिच्यासाठी जागतिक जाळं उभं राहिलं. आपल्याकडे जेएनएनयूआरएमच्या काळात, २००७ मध्ये ‘पर्ल’ नावाचा उपक्रम निघाला. सारख्या स्वरूपाच्या शहरांचे गट करायचे आणि त्यांनी एकमेकांकडून शिकायचं, असा त्याचा बेत.

कल्पना चांगली आहे, यात वाद नाही. रात्री दोन वाजता फुटलेली लाइन ज्याने स्वतः बंद केलीय, त्याचं बोलणं दुसरा अभियंता ऐकतो. सल्लागाराचा दोनशे पानी अहवाल कपाटात जातो. माझी तक्रार आहे ती या भागीदाऱ्यांबद्दल जे लिहिलं जातं त्याबद्दल. तीन ठिकाणी ते लंगडं पडतं.

पहिलं, पुराव्याचं. बरेच अहवाल भागीदारांनीच किंवा पैसा देणाऱ्या संस्थेने लिहिलेले असतात. त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’चे आकडे शेजारी ठेवले की काम झालं. पण अशा भागीदारीत उतरतं कोण? बहुतेक वेळा ज्या यंत्रणेचा प्रमुख आधीपासून धडपडतोय, तीच. शिवाय त्याच काळात नव्या पाइपलाइनसाठी निधीही आलेला असतो. मग गळती कमी झाली ती मैत्रीमुळे, प्रमुखामुळे की नव्या पाइपमुळे? ‘भागीदारी नसती तर काय झालं असतं?’ या प्रश्नाला अहवालात उत्तर नसेल, तर त्याला पुरावा म्हणू नका. अनुभवकथन म्हणा, तेही उपयोगाचं असतं.

तुलना कशी करतात हे बघायचं असेल, तर हुबळी-धारवाडवरचे अभ्यास काढा. तिथे समकक्ष भागीदारी नव्हती. शहराच्या काही भागात खासगी कंपनीमार्फत चोवीस तास पाणी सुरू झालं आणि बाकी शहर जुन्या वेळापत्रकावर राहिलं. कुम्पेल आणि नेल्सन यांच्या २०१३ च्या अभ्यासात चोवीस तासवाल्या नळांच्या ०.७ टक्के नमुन्यांत ई-कोलाय सापडले, तर खंडित पुरवठ्याच्या नळांवर ३१.७ टक्के. म्हणजे प्रश्न सुटला का? २०१५ मध्ये एर्कुमेन आणि सहकाऱ्यांनी एकमेकांशी जुळणाऱ्या वस्त्या निवडून घरोघरी पाहणी केली. लहान मुलांच्या एकूण जुलाबात फरक दिसला नाही. गरीब घरांतल्या मुलांत रक्ती जुलाब, आणि एकूण घरांत टायफॉइड मात्र कमी आढळला. तुलना नीट केली की असं अर्धवट, अडचणीचं उत्तरही हाती येतं. भागीदारीच्या अहवालांत असं उत्तर क्वचित भेटतं, आणि मला शंका येते ती तिथेच.

दुसरं, ‘समकक्ष’ कोण? कराडजवळच्या मलकापूरने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाणी, मीटर आणि वापर वाढेल तसा वाढणारा दर हे सगळं करून दाखवलं. लोकसंख्या तीसेक हजार. पुण्याने तिथून काय शिकायचं? पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ झोन पाडलेत. म्हणजे मलकापूरचा जोडीदार अख्खं पुणे नसून पुण्यातला एखादा झोन आहे. पण मलकापूरचा दर मलकापुरात ठरतो आणि तक्रारही तिथल्याच कार्यालयात जाते. झोनला स्वतःचा दर नाही की स्वतःचा अध्यक्ष नाही. आकार जुळला तरी अधिकार जुळत नाहीत. पेपर वाचताना हे तपासा : शिकणाऱ्याच्या हातात निर्णय होता का?

तिसरं, सरासरीचं. केंद्राच्या २००८ च्या सेवा मानकांत माणशी १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, हिशेबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांपर्यंत, अशी उद्दिष्टं आहेत. भागीदारीचं यशही असल्याच आकड्यांत मोजतात, तेही शहरभराच्या. आता वारज्याला उभं राहून बघा. इथे महापालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. पलीकडची शिवणे, उत्तमनगर ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत आली. पुलापलीकडचं नांदेड, त्याच पट्ट्यातली किरकटवाडी, खडकवासला २०२१ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची साथ आली ती मुख्यतः याच नदीपलीकडच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं. तिथल्या विहिरीचं पाणी गाळण प्रक्रियेशिवाय, क्लोरीन टाकून दिलं जात होतं. सरासरीत हा पट्टा दिसतच नाही.

दोन शहरांच्या भागीदारीवर लिहिणाऱ्यांचं या नात्याकडे लक्ष जात नाही. गाव हद्दीत आलं की कागदावर तो ‘भागीदार’ उरत नाही, ‘प्रभाग’ होतो. पण कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, कुठली लाइन नाल्यातून जाते, हे ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. विलीनीकरणानंतर ती माहिती महापालिकेच्या अभियंत्यापर्यंत गेली का? आणि शुद्धीकरण केंद्रातलं कसब गावाकडे आलं का? माझ्या मते बार्सिलोना-बॉनच्या परिषदांपेक्षा समकक्ष शिक्षणाची खरी परीक्षा या दोन प्रश्नांत आहे.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना चार गोष्टी करा. अहवाल कोणी लिहिला आणि पैसा कोणाचा, हे पहिल्या पानावर नोंदवा. तुलनेसाठी भागीदारी न झालेलं गाव शोधा. शहराची सरासरी फोडून वस्तीनिहाय आकडे मागा. मिळाले नाहीत तर तेही निष्कर्षात लिहा. आणि मुलाखतींच्या यादीत कार्यकारी अभियंत्याच्या खाली व्हॉल्व्हमनचं नाव घाला. भागीदार शहराचा पाहुणा परत गेल्यावर काय टिकलं, हे तोच सांगू शकेल.