अंगविद्येचे ग्रंथ आणि त्यांचे चिरमूल्य

अंगविद्या ग्रंथावरून शिकता येत नाही, असा एक जुना समज आपल्याकडे रूढ आहे. पोहणे पाण्यात पडल्यावाचून येत नाही आणि कुस्ती मातीत उतरल्यावाचून कळत नाही, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु एवढ्यावरून अंगविद्येच्या ग्रंथाला काही कार्यच नाही असे अनुमान काढणे उतावळेपणाचे ठरेल. ग्रंथ गुरूची जागा घेऊ शकतो काय, हा एक प्रश्न. गुरूच्या मागे त्याच्या विद्येचे काय उरते, हा दुसरा. पहिल्याची चर्चा वारंवार होते, दुसऱ्याची क्वचित.

हा दुसरा प्रश्न किती निकडीचा आहे हे पाहावयाचे असल्यास जालन्याच्या एमआयडीसीत जावे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या गावच्या जुन्या व्यापारी वैभवातून आली. आज गावाचे नाव प्रामुख्याने पोलाद आणि बियाणे यांमुळे घेतले जाते. भट्टीत तापून लाल झालेला पोलादाचा ठोकळा, ज्याला कारखान्यात ‘बिलेट’ म्हणतात, तो रोलच्या एकेका जोडीतून दाबला जात जात अखेर सळईचे रूप घेतो. यंत्रसज्ज गिरण्यांत हे काम बहुतांशी आपोआप होते. परंतु जेथे जुन्या पद्धतीप्रमाणे चिमटेवाला एका रोलमधून बाहेर पडणारी तप्त सळई पकडून पुढच्या रोलच्या तोंडी देतो, तेथे सारा भार हाताच्या अंदाजावर असतो. पाय किती अंतरावर रोवावेत, सळई कोणत्या क्षणी धरावी, ठोकळा पुरेसा तापला आहे की नाही हे त्याच्या रंगावरून कसे ओळखावे, हे सर्व नवा हेल्पर उस्तादाकडे पाहून पाहून शिकतो. येथे चुकीची शिक्षा गुण कमी पडण्याची नसते, अंग भाजण्याची असते. आणि उस्ताद आपल्या गावी परतला, किंवा यंत्र बदलले, म्हणजे त्या हाताबरोबर ते ज्ञानही जाते.

अशा विद्येचा ग्रंथ होऊ शकतो काय, आणि झालाच तर तो टिकतो काय, याचे उत्तर असे ग्रंथ जेथे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले त्या क्षेत्रात शोधणे युक्त होईल. क्रीडा आणि व्यायाम हे ते क्षेत्र होय. त्यातील दोन परंपरा, एक इंग्रजीतील गॉल्फच्या शिकवणीची आणि दुसरी महाराष्ट्रातील व्यायामग्रंथांची, येथे शेजारी शेजारी ठेवून पाहावयाच्या आहेत.

१

गॉल्फ हा खेळ मराठी वाचकाच्या नित्य अनुभवातला नव्हे. चेंबूर किंवा येरवडा येथील हिरवळ त्याने पाहिली असली तर कुंपणाबाहेरून. तथापि शिकवणीचे वाङ्मय या दृष्टीने गॉल्फची बरोबरी करणारे खेळ थोडेच आहेत. याचे कारण खेळाच्या स्वरूपातच आहे. क्रिकेटमध्ये चेंडू फलंदाजाकडे येतो आणि विचाराला सवड उरत नाही. गॉल्फमध्ये चेंडू स्वस्थ पडून असतो, प्रतिस्पर्धी मध्ये येत नाही, आणि फटका बिघडल्यास दोष देण्यास दुसरे कोणी नसते. खेळाडूला विचार करण्यास वेळ भरपूर मिळतो आणि बहुधा तोच त्याचा घात करतो. अशा खेळाचा शिकाऊ पुस्तकाकडे वळला तर नवल नाही. सर वॉल्टर सिम्पसन यांचे ‘द आर्ट ऑफ गॉल्फ’ १८८७ मध्ये आणि हॉरेस हचिन्सन यांचे बॅडमिंटन ग्रंथमालेतील ‘गॉल्फ’ १८९० मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून हा ओघ अखंड चालू आहे.

या काळात खेळाची साधने मुळापासून पालटली. हिकरी लाकडाच्या दांड्यांऐवजी पोलादी दांडा आला. स्कॉटलंडमधील नियामक संस्थेने त्यास १९२९ मध्ये मान्यता दिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काठीचे लाकडी डोके जाऊन धातूचे आले. एवढेच नव्हे, तर जुन्या पुस्तकांतील काही सिद्धांतही चुकीचे ठरले. चेंडू प्रथम काठीच्या मार्गाच्या दिशेने निघतो आणि मग काठीच्या मुखाच्या रोखाकडे वळतो, असे पूर्वीची अनेक पुस्तके सांगत. एकविसाव्या शतकात रडारच्या साहाय्याने फटक्याचे मोजमाप होऊ लागल्यावर असे दिसून आले, की चेंडूच्या आरंभीच्या दिशेवर काठीच्या मुखाचाच प्रभाव अधिक असतो. ज्या ग्रंथाचे साधन कालबाह्य झाले आणि ज्याचे पदार्थविज्ञानही अंशतः खोटे ठरले, तो ग्रंथ अडगळीत जावयास हवा होता. प्रत्यक्षात तसे झालेले नाही.

बेन होगन यांचे ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक याचे ठळक उदाहरण होय. १९५७ मध्ये एका क्रीडासाप्ताहिकात क्रमशः येऊन ते त्याच वर्षी ग्रंथरूपाने निघाले. शब्दांकन हर्बर्ट वॉरन विंड यांचे, रेखाचित्रे अँथनी रॅव्हिएली यांची. १९४९ मध्ये बसशी झालेल्या मोटारअपघातात होगन मरता मरता वाचले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. त्यांच्या शिकवणीमागे असा कसोटीला लागलेला देह उभा आहे, हे खरे. परंतु ग्रंथाचे सामर्थ्य त्या चरित्रात नाही. ते प्रथम त्याच्या क्रमात आहे. काठीची पकड, उभे राहण्याची ढब, मग काठी मागे नेण्याची क्रिया, मग पुढे आणण्याची, आणि शेवटी सर्वांची उजळणी, असे पाचच धडे. प्रत्येक धडा मागच्यावर उभा आहे. पकड बिघडली तर पुढचे सारे व्यर्थ, ही गोष्ट वाचकाच्या मनावर पुस्तकाच्या रचनेनेच ठसते.

दुसरे सामर्थ्य प्रतिमेचे. चेंडूपासून खेळाडूच्या खांद्यांपर्यंत एक तिरपी काच टेकवलेली आहे आणि काठी मागे नेताना हातांनी ती काच फोडता कामा नये, अशी कल्पना होगन यांनी मांडली. कोन अंशांत सांगितला असता तर तो डोक्यात राहिला असता; काच अंगाला जाणवते. अर्नेस्ट जोन्स या शिक्षकाने हेच निराळ्या रीतीने साधले. पहिल्या महायुद्धात त्यांनी एक पाय गमावला होता, आणि तरीही ते उत्तम खेळत. त्यावरून शरीराच्या प्रत्येक अवयवाला हुकूम सोडण्यात अर्थ नाही, असा त्यांचा निष्कर्ष झाला. रुमालाच्या टोकाला चाकू बांधून तो झुलवून दाखविणे हे त्यांचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक. रुमालाला ताण असेतोवरच चाकू डौलात झुलतो. जोराने ढकलू गेल्यास रुमाल दुमडतो. झोका म्हणजे काय, हे याहून थोडक्यात सांगणे कठीण.

तथापि होगन यांच्या ग्रंथाचा दोषही येथेच नोंदला पाहिजे. त्यांचा फटका स्वभावतः डावीकडे फार वळत असे आणि ती खोड मोडण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी सांगितलेली पकड हा त्या खोडीवरचा उपाय आहे. सामान्य शिकाऊ खेळाडूची खोड बहुधा याच्या उलट, म्हणजे चेंडू उजवीकडे वळविण्याची असते. तिच्यावर हाच उपाय केल्यास रोग बळावतो. एका देहाचा अनुभव सर्व देहांचा नियम म्हणून मांडला गेला, हा या ग्रंथाचा मूलभूत दोष होय. टेक्सासमधील शिक्षक हार्वे पेनिक यांचे १९९२ चे ‘लिटल रेड बुक’ या दोषापासून मुक्त आहे. ते अनेक वर्षे वहीत टिपून ठेवलेल्या निरीक्षणांतून सिद्ध झाले. त्यात एक सिद्धांत नाही, अनेक शिष्य आहेत. मात्र त्यात क्रमही नाही, आणि म्हणून केवळ त्याच्या आधारे आरंभ करणे नवख्याला जड जाते. एकाजवळ रचना आहे पण देह एकच. दुसऱ्याजवळ देह अनेक आहेत पण रचना नाही. आदर्श ग्रंथ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असला पाहिजे.

२

आता महाराष्ट्राकडे वळावयाचे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मल्लस्तंभाचा उल्लेख आहे, पण आज ज्याला मल्लखांब म्हणतात त्या विद्येचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी केले, असे परंपरा मानते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ही विद्या प्रामुख्याने गुरुशिष्यांच्या साखळीने चालत आली. साखळीचा धर्मच असा, की तिची एक कडी निखळली तर पुढचे सर्व हातचे जाते. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड संपादून प्रसिद्ध केले, त्या कार्याचे मोल या दृष्टीने जोखले पाहिजे.

या कोशाची होगन यांच्या पुस्तकाशी तुलना केल्यास प्रथम कोशाची उणीव नजरेत भरते. कोश वर्णन करतो. अंगाला जाणवेल अशी प्रतिमा तो फारशी देत नाही. तो वाचकाशेजारी वस्ताद उभा आहे असे गृहीत धरून चालतो. निव्वळ कोश वाचून कोणी मल्लखांबावर चढू लागेल हे संभवनीय नाही. पण कोशाचे कार्य निराळे आहे, आणि ते गॉल्फच्या पुस्तकांना साधलेले नाही. ते कार्य नामसंग्रहाचे होय. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, उतरती, झाप, फरारा, ताजवा, सलामी: मल्लखांबाची ही परिभाषा आखाड्यात घडली आणि अस्सल मराठी आहे. ‘सुईदोरा’ म्हणताच आपल्याच अंगाच्या फटीतून अंग ओवून नेण्याची क्रिया डोळ्यांपुढे येते. ‘ताजवा’ म्हणताच तराजूसारखा तोललेला देह दिसतो. जी प्रतिमा होगन यांना स्वतंत्रपणे शोधावी लागली, ती येथे नावातच वसलेली आहे. कोशाने प्रतिमा दिली नसेल, पण प्रतिमांनी भरलेली नावे त्याने नष्ट होऊ दिली नाहीत. क्रियेला नाव असले की चूक दाखविता येते, दोन आखाड्यांतील भेद सांगता येतो, परीक्षकाला गुण देता येतात. मल्लखांबाच्या आजच्या स्पर्धा अशा निश्चित नावांवाचून चालणे अशक्यच होते.

क्रमाचे उदाहरण मराठी प्रदेशातच, पण इंग्रजीत लिहिलेल्या एका ग्रंथात सापडते. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचे ‘लाइट ऑन योग’ १९६६ मध्ये लंडनहून निघाले. सुमारे दोनशे आसने, त्यांची सुमारे सहाशे छायाचित्रे, प्रत्येक आसनाला कठिणतेचा अंक, आणि शेवटी आठवड्यागणिक अभ्यासक्रम, अशी त्याची मांडणी आहे. आसनाची कृती क्रमांक घालून पायरीपायरीने दिलेली आहे. साधकाने आज काय करावे याचे उत्तर इतक्या स्पष्टपणे देणारा ग्रंथ त्यापूर्वी विरळाच. होगन यांच्यावर घेतलेला आक्षेप मात्र येथेही लागू पडतो. छायाचित्रांतील देह एकच आहे, आणि तो असामान्य आहे. पुढे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या संस्थेत दोरी, पट्टा, लाकडी विटा, खुर्ची अशा साधनांच्या आधारे आजारी आणि वृद्ध माणसांनाही आसने करविली जाऊ लागली. ग्रंथात या साधनांना फारसे स्थान नाही. लेखकाची शिकवण ग्रंथाच्या पुढे गेली. तरीही ग्रंथ मागे पडला नाही, कारण नव्या साधनाने कोणती मूळ स्थिती गाठावयाची आहे, हे पाहण्यासाठी शिक्षकाला त्याच ग्रंथाकडे यावे लागते.

३

या विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते. अंगविद्येच्या ग्रंथातील जो भाग सर्वांत आग्रहाने मांडलेला असतो, म्हणजे ‘असेच करावे’ हा विधी, तोच सर्वांत आधी शिळा होतो. पकड बदलते, दांडा बदलतो, चेंडूविषयीचा सिद्धांत बदलतो. टिकतात त्या तीन गोष्टी: क्रियेचा विचारपूर्वक लावलेला क्रम, अंगाला उमजणारी प्रतिमा, आणि अवयवाअवयवाच्या हालचालीला दिलेले नाव. ज्या ग्रंथात यांपैकी एक जरी गोष्ट पूर्णत्वाने साधली आहे, तो विधी जुना झाल्यावरही वाचला जातो. अभिजात ग्रंथ अचूक असतो म्हणून टिकतो, हे म्हणणे त्यामुळे ग्राह्य धरता येत नाही. त्याची चूकही नेमक्या शब्दांत मांडलेली असते, आणि म्हणून पुढच्याला ती दुरुस्त करता येते. हे त्याच्या टिकण्याचे खरे कारण होय. संदिग्ध शिकवण खोटी ठरत नाही, आणि म्हणूनच ती कोणाच्या उपयोगीही पडत नाही.

या निकषाने जालन्याच्या गिरणीतील चिमटेवाल्याकडे पुन्हा पाहिले, तर त्याच्या विद्येचा ग्रंथ अशक्य मानण्याचे कारण उरत नाही. तो ग्रंथ कोणाला घरबसल्या चिमटेवाला बनविणार नाही. मल्लखांबाच्या कोशानेही तसे केले नाही. परंतु उस्तादाच्या तोंडी जे मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिळून झालेले शब्द आहेत, त्यांचा संग्रह होऊ शकतो. कोणत्या रंगाला कोणते नाव आहे, पाय रोवण्याच्या कोणत्या रीतीला कोणती उपमा दिली जाते, नव्या माणसाला प्रथम काय करू देतात आणि काय करू देत नाहीत, हे टिपता येते. हा संग्रह एका उस्तादापुरता न ठेवता अनेकांचा केल्यास होगन यांच्या दोषातूनही सुटका होईल. परराज्यांतून आलेल्या कामगाराला पहिल्या पाळीला कोणता धोका कोणत्या शब्दाने सांगितला जातो, हे आधी कळणे ही वाङ्मयीन बाब नव्हे; ती त्याच्या हातापायांची बाब आहे.

असे काम विद्यापीठांच्या मराठी विभागांचे नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु लोकगीते आणि म्हणी गोळा करताना या विभागांनी हा आक्षेप कधी मानला नाही. शेत आणि जाते यांवरचे शब्द जर भाषेचे धन असतील, तर भट्टीपुढचे शब्द तसे नाहीत असे म्हणण्यास आधार नाही. जात्यावरच्या ओव्या जाते थांबल्यावर शोधाव्या लागल्या. चिमटेवाल्याच्या शब्दांसाठी तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. यंत्र बदलत आहे, पण अनेक उस्ताद अजून कामावर आहेत.