बिदागी नाकारण्याचा अधिकार

वऱ्हाडात कवीला, गायकाला, चित्रकाराला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘तुमाले काय लागते, दोन कविता तं म्हनाच्या हायेत!’ कार्यक्रम अनाथ मुलांच्या मदतीचा असो की व्यसनमुक्तीचा, त्याचा हिशेब पाहावा. मंडपवाल्याचं बिल ठरलेलं असतं, साउंडवाला आगाऊ रक्कम घेतो, हारवाला उधारी ठेवत नाही. कलावंताच्या नावापुढे मात्र शाल आणि श्रीफळ. चांगल्या कामासाठी सगळेच झटत असतात, पण फुकट राबणारा त्यात बहुधा एकटाच असतो. याला दान म्हणायचं का?

अचलपूर भागात या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं: गाडगेबाबा. शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर कीर्तनं केली आणि स्वतःसाठी पैसा घेतला नाही. मग तुम्हीच का मागता? हा दाखला अर्धाच दिला जातो. बाबांचं कीर्तन फुकट गेलं नव्हतं. लोकांनी पैसे दिले, आणि त्यातून घाट, धर्मशाळा, सदावर्तं उभी राहिली. बाबांनी नाकारला तो स्वतःचा वाटा. त्यांना कोणी नाकारायला लावलं नव्हतं. समोर आलेली बिदागी परत करणं हा त्याग. बिदागी समोर येऊच न देणं ही आयोजकाची काटकसर. या दोन गोष्टींना एकच नाव दिलं की घोटाळा सुरू होतो.

मराठी रंगभूमीवरचे मोठे दाखलेही हेच सांगतात. पु. ल. देशपांडे यांच्या प्रयोगांना प्रेक्षक तिकीट काढून जात. त्या कमाईतून आणि पुस्तकांच्या उत्पन्नातून पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान देणग्या देई. 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, त्यामागेही अनिल अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिलेला पैसा होता. पुलंनी दान केली ती कमाई. कलेची किंमत त्यांनी आधी पुरेपूर वसूल केली होती.

दुसरा दाखला सामाजिक कृतज्ञता निधीचा. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या निधीसाठी ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा अशा नामवंतांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. निधीच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं, हा हेतू. म्हणजे समाजासाठी राबणाऱ्यालाही घर चालवायचं असतं, हे मान्य करण्यासाठीच हे नट विनामोबदला राबले. याच डॉ. लागूंनी 1977 च्या ‘देवकीनंदन गोपाला’ चित्रपटात गाडगेबाबा साकारले होते. त्या निधीचं नाव घेऊन एखाद्या शाहिराला फुकट बोलावणं म्हणजे त्या निधीचा अर्थच उलटा करणं.

आक्षेप येईल: ज्या संस्थेकडे खरोखर पैसा नाही तिने काय करावं? अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर बेवारस, दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव देऊन वाढवतात. अशा ठिकाणी एखाद्या छायाचित्रकाराने आपणहून चार दिवस दिले तर त्याला दर विचारणं करंटेपणाचं होईल. मात्र बहुतेक वेळा मागणारा असा कोणी नसतोच. मागतो तो बॅनरवर आपला फोटो लावणारा आयोजक, आणि पुण्यही तोच खात्यावर जमा करतो.

देणाराही सारखा नसतो. दरमहा पगार घेणाऱ्या प्राध्यापक-कवीला एक संध्याकाळ देणं सोपं. गोंधळी, तबलजी, फ्लेक्सची डिझाइनं करणारा पोरगा यांची संध्याकाळ म्हणजे त्या दिवसाची मजुरी. पगारदार कवी वारंवार फुकट जातो तेव्हा तो स्वतःचाच नव्हे, त्यांचाही भाव पाडतो. दानशूरपणाची ही बाजू आपल्या साहित्यिक वर्तुळांत फारशी बोलली जात नाही.

उपाय अवघड नाही. काम द्यायचंच असेल तर बिल पूर्ण रकमेचं करावं आणि त्याखाली सूट लिहावी; संस्थेला आपल्याला काय मिळालं ते कळू द्यावं. फुकट दिलेल्या कामाला आयकरात देणगीची सवलत मिळत नाही, ती पैशाच्या देणगीलाच असते. त्यामुळे कागदावरची ही नोंद हीच त्या दानाची एकमेव पावती. काय दिलं तेही लिहावं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचं हस्तांतर लेखी लागतं. चित्र भेट दिलं म्हणजे ते दरवर्षी कॅलेंडरवर छापायचा हक्क दिला असं होत नाही.

आणि आयोजकांनी एवढंच करावं: पाकीट आधी पुढे करावं. ते कोरं नसावं. मग कलावंताने ते खिशात घातलं तर ती त्याची मजुरी, परत केलं तर ते त्याचं दान. पाकीटच पुढे न करणाऱ्याला यातलं काहीही ठरवण्याचा अधिकार नाही.