राजी: पीसीवर घ्यावा की कन्सोलवर?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० ला आधी आला तो निन्टेंडो स्विचवर. म्हणजे भारतात अधिकृतपणे न विकल्या जाणाऱ्या कन्सोलवर! आपल्यासाठी पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर यायला १५ ऑक्टोबर उजाडला.

सोयगावात मी तो लॅपटॉपवर खेळलो. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतो; टीव्हीला जोडलेलं प्लेस्टेशन तिथेच बसतं. भित्तिचित्रं सुरेख आहेत (अजिंठ्याच्या शेजारचे आम्ही, चित्रांना सहज दाद देत नाही). अडचण हातांची. कॅमेरा गेमच ठरवतो, वाटा तिरक्या, आणि कीबोर्डला दिशा आठच. उडी चुकते, शिव्या मात्र गेमला पडतात. मुळात तो स्टिकसाठीच बेतलाय. पीसीवरच घ्या, पण कंट्रोलर जोडून.