मातीतील मस्तक आणि सादृश्याचा प्रश्न : रोदँच्या ‘तुटक्या नाकाचा माणूस’ या शिल्पाच्या संदर्भात

व्यक्तिशिल्पाचे मूल्यमापन करताना आपल्याकडे ‘हुबेहूब’ हा निकष सर्वप्रथम लावला जातो. नाक, डोळे, ओठ मूळ व्यक्तीशी जुळले की शिल्प साधले, असे गृहीत धरले जाते. मातीत मस्तक घडविण्याची प्रक्रियाच या गृहीतकाला छेद देते. प्रस्तुत लेखात फ्रेंच शिल्पकार ऑग्यूस्त रोदँ (१८४०–१९१७) यांच्या एका प्रारंभीच्या शिल्पाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मातीचे मस्तक चेहऱ्यापासून सुरू होत नाही. सांगाड्यावर प्रथम कवटीचा अंडाकृती घनाकार उभा राहतो, मानेचा झोक ठरतो. मग कपाळ, गालांची हाडे व जबडा यांच्या पातळ्या निश्चित होतात. डोळे-ओठांचे बारकावे नंतर येतात. दगडात आकार बाहेरून आत कोरत न्यावा लागतो. मातीत तो आतून बाहेर वाढतो. म्हणूनच रोदँ समोरच्या व्यक्तीभोवती फिरून एकेका बाजूची बाह्यरेषा तपासत. पृष्ठभाग म्हणजे आतील घनतेचे बाहेर आलेले टोक, अशी त्यांची धारणा होती.

१८६३-६४ च्या हिवाळ्यात, पॅरिसमधील एका जुन्या तबेल्यात थाटलेल्या कार्यशाळेत रोदँ परिसरातील एका मोलमजुराचे मस्तक घडवीत होते. कडाक्याच्या थंडीने माती गोठली आणि मस्तकाचा मागील भाग गळून पडला. उरलेला मुखवटाच त्यांनी पूर्ण कलाकृती मानला. सालाँ या अधिकृत प्रदर्शनाने तो नाकारला. पूर्ण मस्तक असलेली संगमरवरी आवृत्ती मात्र १८७५ मध्ये स्वीकारली.

या घटनेकडे आधुनिक शिल्पातील ‘अपूर्णते’चा आरंभ म्हणून पाहण्याची प्रथा आहे. तिच्यात तथ्य असले, तरी श्रेय अपघाताला देणे योग्य वाटत नाही. मुखवट्याच्या कपाळावरील सुरकुत्या कानशिलाकडे वळत जातात. चेपलेल्या नाकामुळे चेहऱ्याचे दोन्ही अर्ध एकमेकांशी जुळत नाहीत. प्रकाशाची दिशा बदलली की भावही बदलतो. नसलेली कवटी येथे जाणवत राहते, कारण चेहरा तिच्या आधाराने घडला होता. केवळ समोरून पाहून तो घडवला असता, तर मागचा भाग गळल्यावर एक सपाट पदक तेवढे उरले असते.

या निरीक्षणाला आपल्याकडील स्मारकशिल्पांच्या संदर्भात विशेष महत्त्व आहे. दिवंगत व्यक्तीचा अर्धपुतळा पुष्कळदा एखाद्या छायाचित्रावरून घडविला जातो. छायाचित्रातून अवयवांची ठेवण आणि एका क्षणाचा प्रकाश मिळतो. कवटीची खोली मिळत नाही. स्मारक समिती मातीच्या प्रतिकृतीसमोर उभी राहून छायाचित्राशी तुलना करते व संमती देते. परिणामी समोरून ओळखू येणारा पुतळा बाजूने पाहता अनोळखी, निर्जीव भासतो.

सारांश, मस्तकशिल्पातील सादृश्य हे अवयवांच्या जुळणीत नसून घनाकाराच्या सत्यतेत असते. प्लास्टरचा साचा काढताना मूळ माती सहसा नष्ट होते. पुढचे ओतकाम त्या मातीतील गुणदोष तसेच पुढे नेते. म्हणून परीक्षकाने मातीच्या मस्तकाला संमती देण्यापूर्वी त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारणे, विशेषतः मागून पाहणे, ही समीक्षेची किमान अट मानली पाहिजे.