थरांचे वाचन : बिशप स्टेनो यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने

काही ग्रंथ त्यांतील उत्तरांमुळे गाजतात. काही ग्रंथ त्यांनी लावलेल्या वाचनाच्या सवयीमुळे टिकतात. निकोलस स्टेनो यांचा १६६९ मध्ये फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झालेला छोटेखानी लॅटिन ग्रंथ दुसऱ्या जातीचा आहे. ‘प्रोड्रोमस’ या नावाने तो ओळखला जातो. प्रोड्रोमस म्हणजे अग्रदूत, मागून येणाऱ्या मोठ्या प्रबंधाची वर्दी. तो प्रबंध कधीच आला नाही. तरीही पृथ्वीच्या इतिहासलेखनाची सुरुवात सांगताना या वर्दीपाशी थांबावेच लागते.

स्टेनो १६३८ मध्ये कोपनहेगन येथे ल्यूथरपंथी घरात जन्मले. १६६७ मध्ये ते कॅथलिक झाले, १६७५ मध्ये धर्मगुरू आणि १६७७ मध्ये बिशप. १६८६ मध्ये अत्यंत साधेपणाने जगून ते निवर्तले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. अशा पुरुषाचा उल्लेख आपल्याकडे बहुधा पदकासारखा होतो: पाहा, इतका मोठा शास्त्रज्ञ आणि तो आपला! पदक छातीवर मिरवता येते. ग्रंथ मात्र वाचावा लागतो. म्हणून येथे चरित्राचा गौरव बाजूला ठेवून ग्रंथाचे गुणदोष पाहू.

ग्रंथाचे मर्म साधे आहे. पाण्यात गाळ बसतो, थरावर थर साचतात. तेव्हा खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. थर मुळात आडवे बसलेले असतात. ते कललेले दिसले, तर त्यांना कलविणारी घटना नंतरची. एखाद्या थराला काही छेदून गेले असेल, तर छेद थरानंतरचा. एवढ्या सामग्रीवर स्टेनो टस्कनी प्रांताच्या भूमीचा इतिहास सहा टप्प्यांत मांडतात. आज जे दिसते त्यावरून पूर्वी काय घडले ते सांगण्याची ही शिस्त हेच ग्रंथाचे सर्वांत मोठे यश.

ही शिस्त आपल्या मातीत उतरते का? कुर्डुवाडीच्या शिवारातील विहीर पाहावी. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. स्टेनोचे सूत्र आंधळेपणाने लावले, तर खडक आधीचा आणि माती मागाहून कोठून तरी येऊन पडलेली, असे आपण म्हणू. प्रत्यक्षात मुरूम म्हणजे झिजलेला खडकच, आणि पुष्कळ ठिकाणी काळी मातीही त्याच खडकाची लेक. सूत्र साचलेल्या थरांचे आहे, जागच्या जागी कुजलेल्या दगडाचे नाही. शिवाय हा खडक पाण्यात बसलेला गाळ नव्हे. तो लाव्ह्याचा आहे. एक लोट येऊन थिजला, त्यावर दुसरा आला. मध्ये पुरेसा अवधी गेला असेल, तर खालच्या लोटाचा माथा झिजून तांबड्या मातीचा पट्टा तयार झाला. दख्खनच्या घाटांत काळ्या खडकांमधून जाणारे असे तांबडे पट्टे दिसतात. एका अर्थी ते विरामचिन्हेच.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे संशोधनासाठी खोल छिद्र पाडण्यात आले. सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली थोडा गाळ आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा कितीतरी प्राचीन खडक लागला. आपल्या पायांखालील लाव्हा हा ग्रंथाचा पहिला अध्याय नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

आता ग्रंथाची उणीव. स्टेनो क्रम सांगतात, काळ सांगत नाहीत. जेथे काळ सांगू पाहतात, तेथे ते अडखळतात. वोल्तेरा नगराच्या प्राचीन तटाच्या दगडांत शिंपले आहेत. नगर एवढे जुने, म्हणून शिंपले त्याहून जुने, हा त्यांचा तर्क बिनतोड आहे. पण पुढे ते त्या शिंपल्यांना नोहाच्या जलप्रलयाच्या हिशेबात बसवितात. पद्धत नवी, पंचांग जुने. त्या काळी दुसरे पंचांगच हाताशी नव्हते, हे मान्य केले तरी उणीव ती उणीवच.

ते पंचांग विसाव्या शतकात खडकानेच पुरविले. पोटॅशियमच्या एका किरणोत्सारी प्रकाराचे अंशतः आर्गॉन वायूत रूपांतर होते. तो प्रकार निम्मा होण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. वितळलेल्या लाव्ह्यातून पूर्वीचा आर्गॉन निसटतो. खडक थिजला की नवा आर्गॉन आत साठू लागतो. साठा मोजला की वय कळते. झिजलेल्या दगडातून वायू गळतो, म्हणून ताजा नमुना निवडावा लागतो. लोटांच्या मधल्या राखेतील झिरकॉन या खनिजात युरेनियमचे शिसे होते. ते दुसरे, स्वतंत्र घड्याळ. दोन्ही घड्याळे दख्खनच्या पाषाणाला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे देतात. उल्केतील शिशाच्या आधारे क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले.

२०१९ मध्ये दोन संशोधकगटांनी दख्खनच्या लोटांचे तपशीलवार कालक्रम प्रसिद्ध केले. लाव्हा थांबून थांबून उसळला की बराचसा सलग वाहिला, मेक्सिकोतील उल्कापाताआधी किती आणि नंतर किती, यावर त्यांचे मतभेद झाले. कोणी म्हणेल, शास्त्रज्ञांतच एकमत नाही! परंतु हा वाद काही लाख वर्षांचा आहे, सहा कोटींचा नव्हे. गाडीला दहा मिनिटे उशीर झाला की वीस, यावर भांडणारे दोघे गाडी आली हे मान्यच करीत असतात.

मग ‘उत्पत्ती’च्या सहा दिवसांचे काय? येथे आपल्या घरांत दोन चुकीच्या वाटा दिसतात. एक वाट खडकाला खोटे ठरविते. दुसरी, अधिक सभ्य वाट एकेका दिवसाला कोट्यवधी वर्षांचे युग करून मेळ घालते. पण त्या अध्यायात वनस्पती तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी येतो; दिवस कितीही ताणला तरी मेळ बसत नाही. ही ओढाताण शास्त्रावर अन्याय करतेच, पण त्याहून मोठा अन्याय त्या अध्यायावर करते. प्रत्येक दिवसाअखेर परतणारे पालुपद, तीन दिवस जागा सिद्ध करण्याचे आणि तीन दिवस त्या भरण्याचे, शेवटी विसावा: ही स्तोत्राची घडण आहे, विहिरीच्या थरांची नोंद नव्हे. पृथ्वी-आकाशाविषयी अडाणी विधाने करून श्रद्धेचे हसे करू नका, असा इशारा संत ऑगस्टीन यांनी ‘उत्पत्ती’वरील भाष्यातच दिला होता.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. शाळेत खडकाचे वय शिकून आलेल्या मुलाला घरी ‘एक काहीतरी निवड’ असे सांगितले, तर ते बहुधा निवडते. आणि नेहमीच आपल्याला हवे ते निवडत नाही. स्टेनो यांनी त्याला निवडायला सांगितले नसते. त्यांनी त्याला विहिरीच्या काठाशी नेऊन विचारले असते: यातले आधीचे कोणते, आणि कशावरून? आकड्यांत मागे पडलेला हा ग्रंथ त्या ‘कशावरून’पाशी अजून ताजा आहे.