दाबाच्या एककांतील अध्याहृत पद

एका एककातील आकडा दुसऱ्या एककात नेणे म्हणजे त्यास ठरावीक गुणकाने गुणणे, असा समज दाबाच्या रूपांतर-कोष्टकांनी रूढ केला आहे. गणित म्हणून तो निर्दोष आहे. १ बार म्हणजे १,००,००० पास्कल. १ मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १३३.३२ पास्कल, चौरस इंचास १ पौंड म्हणजे सुमारे ६,८९४.७६ पास्कल. यात वादास जागा नाही. आक्षेप आहे तो कोष्टकाच्या भाषेवर. दाबाविषयीच्या विधानात एक पद बहुधा अध्याहृत राहते. ते कोणते हे न ओळखता केलेला अचूक गुणाकारही विपरीत अर्थाप्रत नेतो.

वायुभारमापकातील पारा ७६० मिलिमीटर चढला आणि रोग्याचा रक्तदाब १२० मिलिमीटर भरला, ही दोन विधाने पाहावीत. एकक एकच आहे. परंतु पहिल्यात मोजणी निर्वातापासून होते. टोरिचेल्लीने १६४४ साली वर्णिलेल्या नळीत पाऱ्याच्या वर जवळजवळ पोकळीच असते. दुसऱ्यात ती भोवतालच्या हवेच्या दाबापासून होते. निर्वातापासून मोजल्यास समुद्रसपाटीवर तोच रक्तदाब सुमारे ८८० भरेल. म्हणजे 'पासून' या शब्दयोगी अव्ययाने दाखविला जाणारा आरंभबिंदूच वाक्यातून लोपला आहे.

हा लोप निरुपद्रवी नाही. नळकांड्यातील हवेचा दाब मापकावर चौरस इंचास ३० पौंड आहे. तापमान कायम ठेवून घनफळ निम्मे केले तर दाब किती, असा प्रश्न घेऊ. कोष्टक पाहून विद्यार्थी २.०७ बार लिहितो, बॉइलच्या नियमाने दुप्पट करतो आणि ४.१४ बार हे उत्तर देतो. वास्तविक मूळ दाब निर्वातापासून ३.०८ बार आहे, दुप्पट ६.१६; त्यातून वातावरणाचा १.०१ वजा करता मापक ५.१५ बार दाखवील. गुणाकार बिनचूक, उत्तर मात्र एका बारने चुकलेले.

'वातावरण' या एककनामात लोप निराळ्या जागी आहे. प्रमाण वातावरण १,०१,३२५ पास्कलांचे. तांत्रिक वातावरण, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर १ किलोग्रॅमचे वजन, ९८,०६६.५ पास्कलांचे. विशेषण गळाले की सुमारे ३ टक्क्यांचे अंतर निनावी राहते.

१९७१ साली पास्कल हे नाव स्वीकारल्यावर ही अडचण सरली, असे कोणी म्हणेल. नव्या नावाने पाऱ्याची उंची आणि इंचाचे क्षेत्र वाक्यातून काढून टाकले, हे खरे. परंतु शून्य कोठे धरले, हे पास्कलही सांगत नाही. इंग्रजीत अभियंते पी.एस.आय.पुढे ए किंवा जी अक्षर जोडून ही उणीव भरतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीचा संकेत मात्र असा की, राशीविषयीची माहिती एककाच्या चिन्हास चिकटवू नये. व्याकरणदृष्ट्याही तेच योग्य आहे. कारण भेद एककात नसून दाबात आहे, म्हणून विशेषणही 'दाब' या नामासच लागले पाहिजे.

तेव्हा मराठी शास्त्रीय लेखनात 'निरपेक्ष दाब' आणि 'मापकी दाब' ही पदे प्रत्येक आकड्यापूर्वी यावीत, आणि कोष्टकाच्या शिरोभागी हा भेद स्पष्ट लिहावा. अध्याहार ही भाषेची सोय आहे. परंतु वाचकास लोपलेले पद निश्चितपणे पुरविता येते, तेथेच ती सोय शोभते. दाबाच्या बाबतीत तशी खात्री नाही.